दर शब्दाला एक सेंट: अमेरिकी विज्ञानकादंबरीकाराच्या पेशाचा इतिहास

विज्ञानकथा आणि अद्भुतिका यांचा इतिहास बहुधा कल्पनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मंगळावरची स्वारी, यंत्रमानव, कालप्रवास, जादूगार आणि ड्रॅगन यांची वंशावळ मांडली की विषय संपला असे मानले जाते. ज्या लेखकांनी या कल्पना कागदावर उतरवल्या त्यांना पैसे कोण देत असे, कोणत्या मापाने देत असे आणि ते वेळेवर मिळत की नाही, हे प्रश्न समीक्षेच्या कडेलाच राहतात. विसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र हे लेखन हा उपजीविकेचा एक पेशा झाला आणि त्या पेशाचे अर्थकारण साहित्यकृतींच्या घडणीत इतके खोलवर उतरले, की कादंबरीची लांबी, तिचे खंड, लेखकाने धारण केलेले नाव आणि विज्ञानकथा व अद्भुतिका एकाच फडताळात शेजारी ठेवण्याची प्रथा, यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा मानधनाचा हिशेब पाहिल्यावाचून होत नाही.

या पेशाचा जन्म ‘पल्प’ मासिकांत झाला. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या, लवकर पिवळ्या पडणाऱ्या स्वस्त कागदावर छापली जाणारी ही कथामासिके. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ मध्ये आपले ‘आर्गोसी’ अशा कागदावर आणल्यापासून त्यांची परंपरा मोजली जाते. मजकुराची किंमत ठरवण्याची त्यांची पद्धत सरळ होती: कथेतील शब्द मोजायचे आणि प्रत्येक शब्दामागे ठरलेले सेंट किंवा सेंटचा अंश द्यायचा. एडगर राइस बरोज यांची मंगळावरील पहिली कादंबरी १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ या पल्पमध्ये क्रमशः आली, तेव्हा तिच्यासाठी त्यांना ४०० डॉलर मिळाले. पुढे टारझनच्या यशानंतर १९२३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच नावाची कंपनी नोंदवली आणि आपल्या साहित्याचे हक्क तिच्याकडे सोपवले. लेखणीच्या उत्पन्नाकडे इतक्या व्यवहारी नजरेने पाहणारा लेखक त्या काळी विरळा होता. बहुसंख्य पल्पलेखकांना शब्दांचे पैसे एकदाच मिळत आणि पुष्कळदा कथेचे सर्व हक्क त्याच रकमेत मासिकाकडे जात.

केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले मासिक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या नावाने काढले. लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले गर्न्सबॅक १९०४ मध्ये अमेरिकेत आले होते. रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार आणि विद्युत्‌यंत्रांविषयीची मासिके हा त्यांचा मूळ व्यवसाय होता, आणि कथेच्या निमित्ताने वाचकाला विज्ञान शिकवावे अशी त्यांची धारणा होती. पहिल्या अंकात व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या कथा पुन्हा छापल्या होत्या. वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र घर देण्याचे श्रेय त्यांचेच आहे. विज्ञानकथेचा एक प्रमुख वार्षिक पुरस्कार आजही ‘ह्यूगो’ या नावाने ओळखला जातो. परंतु लेखकांचे पैसे देण्याच्या बाबतीत त्यांची ख्याती अत्यंत वाईट होती. दर कमी, तोही कथा छापून आल्यावर किंवा त्याच्याही नंतर, आणि काही लेखकांना वकिलाची पत्रे धाडल्याशिवाय काहीच नाही, असा तो कारभार होता. १९३४ मध्ये त्यांच्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये डोनाल्ड वॉलहाइम या एकोणीस वर्षांच्या तरुणाची पहिली कथा छापली गेली आणि तिचे ठरलेले १० डॉलर आले नाहीत, तेव्हा त्याने तसेच नाडले गेलेले आणखी काही लेखक शोधून काढले आणि सर्वांनी मिळून दावा लावला. प्रकरण ७५ डॉलरांवर तडजोडीने मिटले, पण मासिकाने चालवलेल्या वाचकसंघटनेतून वॉलहाइम यांना काढून टाकण्यात आले. दहा डॉलरांसाठी भांडणारा हा तरुण पुढे या पेशाच्या इतिहासात दोनदा निर्णायक जागी उभा राहिलेला दिसतो.

अद्भुतिकेची स्थिती याहून बिकट होती. १९२३ मध्ये सुरू झालेले ‘वीअर्ड टेल्स’ हे तिचे मुख्य आश्रयस्थान, आणि टेक्ससमधील क्रॉस प्लेन्स या लहान गावात राहणारे रॉबर्ट हॉवर्ड हे त्याचे आघाडीचे लेखक. कोनन या रानटी योद्ध्याच्या कथांनी १९३२ पासून त्यांनी तलवार आणि जादू यांच्या कथेला आजचे रूप दिले. आईच्या क्षयरोगावरील उपचारांचा खर्च वाढत असताना मासिकाकडे त्यांची मोठी रक्कम थकलेली होती. १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आई मृत्युशय्येवर असताना त्यांनी आत्महत्या केली. या मृत्यूचे कारण थकबाकी होती असे म्हणता येणार नाही; परंतु लाखो प्रतींनी खपणार असलेल्या एका साहित्यशाखेचा मूळपुरुष आपल्याच मानधनासाठी संपादकाला विनवण्या करत होता, ही नोंद इतिहासाने पुसू नये.

पेशाला शिस्त आली ती ‘अस्टाउंडिंग’ या मासिकामुळे. १९३० मध्ये निघालेल्या या मासिकाने आरंभी शब्दाला दोन सेंट दिले आणि तेही कथा स्वीकारताच. मूळ प्रकाशकाचे दिवाळे निघाल्यावर १९३३ मध्ये ते ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या संस्थेकडे गेले आणि दर एका सेंटवर आला, पण पैसे वेळेवर मिळत राहिले. जॉन कॅम्बेल हे १९३७ च्या अखेरीस त्याचे संपादक झाले ते १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत. रॉबर्ट हाइनलाइन यांची पहिली कथा येथेच ऑगस्ट १९३९ मध्ये आली आणि सात हजार शब्दांचे ७० डॉलर त्यांना मिळाले. आयझॅक असिमोव्ह यांची पहिली कथा त्याच वर्षी ‘अमेझिंग’ने घेतली, तिचे ६४ डॉलर झाले. ‘नाइटफॉल’ या त्यांच्या १९४१ च्या कथेला कॅम्बेल यांनी शब्दामागे पाव सेंट जास्त दिला, तेव्हा हिशेबात चूक झाली असावी असे वाटून असिमोव्ह यांनी विचारणा केली. चांगल्या कथेबद्दल अधिक मोबदला ही गोष्टच त्या काळच्या लेखकाला इतकी अपरिचित होती. अर्थात एवढ्यावर घर चालणे अशक्य होते. असिमोव्ह जीवरसायनशास्त्र शिकले, १९४९ पासून बोस्टन विद्यापीठात शिकवू लागले आणि १९५८ पर्यंत पूर्णवेळ लेखक झाले नाहीत.

मराठी वाचकाला यातले अर्धे चित्र ओळखीचे वाटेल. जयंत नारळीकर यांनी आपली पहिली मराठी विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवली, तेव्हा ते खगोलभौतिकीचे नामांकित संशोधक होते; बाळ फोंडके हेही व्यवसायाने वैज्ञानिकच. मराठीत ही लेखनशाखा संशोधकांच्या आणि संपादकांच्या आस्थेवर वाढली, त्यामुळे तिच्यावर शब्दमोजणीचा ठसा नाही, आणि पूर्णवेळ विज्ञानकादंबरीकार हा वर्गही तिच्यात तयार झाला नाही.

अमेरिकेत मासिकांच्या राजवटीचा पहिला परिणाम कादंबरीच्या रचनेवर झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मोठे ग्रंथप्रकाशक या लेखनाला हात लावत नसत. युद्धानंतर, विशेषतः १९५० पासून ‘डबलडे’सारख्या संस्थांनी त्यासाठी दार उघडले, तेव्हा लेखकांकडे कादंबऱ्या नव्हत्या, कथांचे ढीग होते. त्या कथा जोडून, मधल्या फटी नव्या मजकुराने बुजवून पुस्तके तयार करण्यात आली. व्हॅन व्होग्ट या लेखकाने अशा पुस्तकाला ‘फिक्स-अप’ म्हणजे डागडुजी करून उभे केलेले पुस्तक असे नाव दिले. ब्रॅडबरी यांचे ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ (१९५०) आणि असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ त्रयी (१९५१ ते १९५३) हे या पद्धतीचे प्रसिद्ध नमुने आहेत. ‘फाउंडेशन’मध्ये शतकांच्या अंतराने पात्रांचा संच बदलत जातो, याचे कौतुक इतिहासदृष्टी म्हणून केले जाते आणि ते रास्तही आहे, पण आठ वर्षे सुट्या कथा म्हणून विकल्या गेलेल्या मजकुराला दुसरे रूप येणे कठीणच होते, हेही तितकेच खरे. शिवाय ही त्रयी ज्या ‘नोम प्रेस’ या छोट्या, चाहत्यांनी चालवलेल्या संस्थेने काढली तिच्याकडून लेखकाला फारसे काही मिळाले नाही. १९६१ मध्ये हक्क डबलडेकडे आल्यावरच ही पुस्तके त्यांच्या लेखकासाठी कमावू लागली.

दुसरा आणि अधिक दूरगामी बदल स्वस्त, कागदी बांधणीच्या पुस्तकांनी घडवला. १९५७ मध्ये ‘अमेरिकन न्यूज कंपनी’ ही देशातील सर्वांत मोठी मासिकवितरण संस्था मोडीत निघाली, अनेक मासिके त्या धक्क्यात बंद पडली, आणि लेखकांचा भार पेपरबॅक प्रकाशकांवर आला. त्यांपैकी ‘एस बुक्स’ ही १९५२ मध्ये सुरू झालेली संस्था सर्वांत वेगाने छापणारी होती आणि तिचे संपादक होते तेच डोनाल्ड वॉलहाइम. ‘एस डबल’ ही तिची खासियत: एकाच बांधणीत दोन कादंबऱ्या, एक सुलटी व एक उलटी, दोन्ही बाजूंना मुखपृष्ठे, किंमत आरंभी ३५ सेंट. दोन कादंबऱ्या एका पुस्तकात बसवायच्या म्हणजे प्रत्येकीची लांबी बेताची हवी, आणि जी हस्तलिखिते लांब ती संपादकाच्या हातून छाटली जात. फिलिप डिक यांची पहिली प्रकाशित कादंबरी १९५५ मध्ये अशाच जोडपुस्तकात आली. आगाऊ रक्कम इतकी तुटपुंजी होती, की जगण्यासाठी वर्षाला अनेक कादंबऱ्या लिहिणे भाग पडे; डिक यांच्या साठीच्या दशकातील लेखनातला धावता, अस्वस्थ, कथानकाच्या मधेच वास्तव कोलमडून पाडणारा वेग आणि त्यांच्या आर्थिक ओढाताणीचा वेग हे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

असे असले तरी या व्यवस्थेची निंदा करून थांबणे अन्यायाचे ठरेल, आणि त्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची कारकीर्द. १९२९ मध्ये बर्कली येथे जन्मलेल्या ले ग्विन या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि लेखिका थिओडोरा क्रोबर यांच्या कन्या. इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स ले ग्विन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या पोर्टलंड येथे स्थायिक झाल्या. पन्नाशीच्या दशकात त्यांनी लिहिलेल्या कादंबऱ्या प्रतिष्ठित प्रकाशकांकडून परत आल्या, कारण कल्पित देशात घडणाऱ्या त्या कादंबऱ्यांना कोणत्या कप्प्यात ठेवावे हे कोणालाच उमगत नव्हते. अखेर १९६२ मध्ये ‘फँटास्टिक’ या मासिकाच्या संपादक सेली गोल्डस्मिथ यांनी त्यांची एक कथा ३० डॉलरांना घेतली. १९६४ मध्ये त्याच मासिकात आलेल्या दोन छोट्या कथांत पुढच्या ‘अर्थसी’ या द्वीपसमूहाचे बीज होते, आणि त्याच वर्षी ‘अमेझिंग’मध्ये आलेली एक कथा ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या पहिल्या कादंबरीचा प्रारंभभाग झाली. ही कादंबरी १९६६ मध्ये एस डबलचा अर्धा भाग म्हणून प्रसिद्ध झाली.

या तपशिलांचे महत्त्व असे, की प्रतिष्ठित प्रकाशनविश्वाने नाकारलेले लेखन बाजारातल्या सर्वांत स्वस्त दुकानात स्वीकारले गेले. तेथील संपादकाची मागणी मर्यादित होती: लांबी ठरलेली असावी, मुखपृष्ठावर अंतराळयान काढता यावे, कथानक हलत राहावे. त्या चौकटीत लेखकाने मानववंशशास्त्र भरले, ताओवाद भरला किंवा स्त्रीपुरुषभेदाचा प्रश्न भरला, तर कोणी अडवत नव्हते. वॉलहाइम यांच्याच संस्थेत टेरी कार यांनी १९६८ पासून ‘एस स्पेशल’ ही अधिक महत्त्वाकांक्षी मालिका सुरू केली, आणि तिच्यात १९६९ मध्ये ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आली. ज्या ग्रहावरील माणसांना कायमस्वरूपी लिंग नाही अशा समाजाची ही कादंबरी आज विद्यापीठांत अभ्यासली जाते. तिची पहिली आवृत्ती मात्र खिशात मावणारी पेपरबॅक होती. अद्भुतिकेतही असेच घडले. बर्कलीच्या ‘पार्नासस प्रेस’ या छोट्या प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितले आणि त्या मागणीतून १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ जन्मले. प्रौढांच्या अद्भुतिकेचा बाजार त्या वेळी अजून पुरता रुळला नव्हता, म्हणून ती बालसाहित्याच्या दाराने आली. या मोकळिकीला एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे: १९६९ मध्ये ‘प्लेबॉय’ने ले ग्विन यांची कथा घेतली तेव्हा लेखिकेचे पहिले नाव आद्याक्षरांत झाकण्यात आले.

नावाचा हा प्रश्न जुना होता. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या अॅलिस मेरी नॉर्टन यांनी १९३४ मध्ये कायदेशीररीत्या आंद्रे हे नाव घेतले, कारण साहसकथांचे खरेदीदार मुलगे आहेत असे प्रकाशक धरून चालत. त्यांची पुस्तके पुढे शंभरावर गेली. अॅलिस शेल्डन यांनी १९६८ पासून जेम्स टिप्ट्री या पुरुषी नावाने कथा लिहिल्या आणि जवळजवळ दहा वर्षे ते गुपित राहिले. ऑक्टेव्हिया बटलर यांच्यासमोरची अडचण दुहेरी होती, कारण कृष्णवर्णीय स्त्री विज्ञानकादंबरीकार हा नमुनाच बाजाराला ठाऊक नव्हता. भांडी घासण्यापासून बटाट्याच्या वेफर्सची तपासणी करण्यापर्यंतची कामे करत, पहाटेपूर्वी उठून त्यांनी लिहिले आणि १९७६ मध्ये पहिली कादंबरी प्रसिद्ध केली.

अद्भुतिकेला प्रौढांचा बाजार मिळाला तो एका वादातून. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अमेरिकेतील कॉपीराइटविषयी, परदेशात छापून आयात केलेल्या प्रतींच्या मर्यादेमुळे, कायदेशीर शंका निर्माण झाली होती, तिचा फायदा घेऊन १९६५ मध्ये एस बुक्सने वॉलहाइम यांच्या पुढाकाराने लेखकाची परवानगी न घेता ७५ सेंट किमतीची आवृत्ती काढली. टॉल्किन यांनी अमेरिकी वाचकांना पत्रांतून आपली बाजू कळवली, ‘बॅलंटाइन’ने त्याच वर्षी ९५ सेंटांची अधिकृत आवृत्ती आणली, आणि पुढच्या वर्षी एसने लेखकाला रॉयल्टी देऊन पुनर्मुद्रण थांबवण्याचे मान्य केले. स्वतः लेखक म्हणून दहा डॉलरांसाठी न्यायालयात गेलेल्या माणसाने दुसऱ्या लेखकाच्या बाबतीत असे वागावे, हे त्यांच्या मोठ्या कर्तृत्वावरचे लांछन आहे. तरीही या गदारोळाने पुस्तक घराघरांत पोचवले आणि अद्भुतिका खपते हे प्रकाशकांना कळले. १९७७ मध्ये जूडी-लिन आणि लेस्टर डेल रे यांच्या नव्या प्रकाशनचिन्हाखाली टेरी ब्रुक्स यांची ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ आली आणि बेस्टसेलर यादीत चढली. तेव्हापासून जाड, अनेक खंडांची, नकाशा जोडलेली अद्भुतिका हा ठरीव नमुना झाला. शब्द मोजून छाटणाऱ्या बाजारानेच आता शब्द वाढवून मागायला सुरुवात केली, कारण जाड पुस्तकाला अधिक किंमत लावता येई आणि पहिल्या खंडाचा वाचक पुढच्या खंडांचा हमखास ग्राहक असे.

याच काळात लेखक संघटित झाले. डेमन नाइट यांनी १९६५ मध्ये ‘सायन्स फिक्शन रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली, जिच्या नावात ‘फँटसी’ हा शब्द पुढे समाविष्ट झाला. संस्थेला उत्पन्न हवे म्हणून दरवर्षी निवडक कथांचा संग्रह काढण्याची कल्पना लॉइड बिगल यांनी मांडली, आणि त्या संग्रहासाठी कथा निवडण्याच्या पद्धतीतून ‘नेब्युला’ पुरस्कार उगवला.

ऐंशीच्या दशकात आगाऊ रकमा फुगल्या. असिमोव्ह १९८२ मध्ये ‘फाउंडेशन्स एज’मुळे प्रथमच न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पोचले. पण त्याच सुमारास मधल्या फळीतील लेखकांची जमीन सरकू लागली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘थॉर पॉवर टूल’ या अवजारे बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात न विकलेल्या मालाचे मूल्य कागदोपत्री घटवण्यावर निर्बंध घातले; ग्रंथप्रकाशकांनाही तो नियम लागू झाल्याने जुन्या पुस्तकांचा साठा गोदामात ठेवणे महाग पडू लागले, आणि हळूहळू, वर्षानुवर्षे खपणाऱ्या पुस्तकांवर जगणारा लेखक अडचणीत आला. एका अपयशी पुस्तकाची किंमतही वाढली: जॉर्ज मार्टिन यांची १९८३ ची कादंबरी पडल्यावर त्यांना दूरचित्रवाणीच्या पटकथांकडे वळावे लागले, आणि ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ येण्यास १९९६ साल उजाडले.

एकविसाव्या शतकात मध्यस्थ बदलले. अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर क्रमशः दिली आणि २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटांना विकली, तेव्हा मोठे प्रकाशक तिच्याकडे आले. अॅमेझॉनच्या वर्गणीच्या योजनेत २०१५ पासून वाचकाने प्रत्यक्ष वाचलेल्या पानांनुसार लेखकाला पैसे मिळू लागले. मार्च २०२२ मध्ये ब्रँडन सँडरसन यांनी आधीच लिहून झालेल्या चार कादंबऱ्या किकस्टार्टरवर थेट वाचकांपुढे ठेवल्या आणि १ लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांकडून सुमारे ४ कोटी १७ लाख डॉलर गोळा केले.

त्याच्या सोळाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, लेखकसंघटनेला अॅलन डीन फॉस्टर यांच्यासाठी जाहीरपणे उभे राहावे लागले होते. १९७६ ची ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी जॉर्ज लुकास यांच्या नावाने छापली गेली असली तरी ती लिहिली फॉस्टर यांनी, मूळ कंपनी विकत घेणाऱ्या डिस्नीने पुस्तकांचे हक्क घेतले पण रॉयल्टीचे दायित्व नाकारले, अशी त्यांची तक्रार होती. फॉस्टर यांच्यापुरता तोडगा निघाला. मात्र अशीच थकबाकी असलेले इतर लेखक पुढे येऊ लागले, म्हणून २०२१ मध्ये विज्ञानकथा, भयकथा आणि प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनांसह अनेक संस्थांनी एकत्र येऊन त्यांच्या करारांची छाननी करणारा संयुक्त गट नेमला.